सोंग कोणाचे, फोटो कोणाचा?

फोटोच्या बाबतीत आपल्या सर्वांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली आहे. 'नैसर्गिक' फोटो तो खरा आणि पोझ देऊन काढलेला तो खोटा! लग्नाचे फोटो काढणारासुद्धा हल्ली नवरानवरीला जळगावजवळच्या एखाद्या केळीच्या बागेत नेतो, दोघांना भाड्याचे कपडे चढवतो, दहा वेळा हसायला लावतो, आणि एवढे करून वर बजावतो, "जरा नॅचरल वाटू द्या." ज्या नवऱ्याने जन्मात केळीच्या पानावर पडलेले दव पाहिले नाही तो पानाला गाल लावून उभा राहतो. त्याच बागेत घड वाहणारा मजूर मात्र चौकटीत येऊ नये म्हणून त्याला बाजूला व्हायला सांगतात. तो फोटो 'नैसर्गिक'!

या समजुतीविरुद्ध मला थोडे लिहायचे आहे, कारण ही समजूत वाटते तितकी निरुपद्रवी नाही. तिची किंमत कोणीतरी मोजत असते. बहुतेक वेळा ती आम्ही मोजतो. 'आम्ही' म्हणजे कोण, ते पुढे येईलच.

निमित्त आहे एका छायाचित्रमालिकेचे. गौरी गिल या दिल्लीत राहणाऱ्या छायाचित्रकार आहेत. जन्म १९७० चा, चंदीगडचा. (जळगावकरांना गिल म्हटले की अजिंठ्याची चित्रे उतरवून घेणारा आणि शेवटी भुसावळच्या मातीत विसावलेला मेजर रॉबर्ट गिल आठवेल. त्याचा आणि यांचा संबंध नाही. मात्र कॅमेरा त्यानेही खांद्यावर वाहिला होता.) राजस्थानच्या वाळवंटात १९९९ पासून त्यांनी केलेल्या कामाला २०२३ साली 'प्री पिक्टे' हा छायाचित्रणातला मोठा पुरस्कार मिळाला. परंतु माझा विषय ते काम नव्हे. २०१५ च्या सुमारास त्या आपल्या महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला आल्या आणि तिथे त्यांनी 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका सुरू केली. तिच्याविषयी मी बोलते आहे. मी ही छायाचित्रे भिंतीवर टांगलेली पाहिलेली नाहीत. ती जर्मनीत कासेलला आणि ग्रीसमध्ये अथेन्सला २०१७ साली लागली, न्यूयॉर्कला २०१८ साली लागली. धुळ्या-जळगावला लागली नाहीत. मी ती मोबाईलच्या पडद्यावर पाहिली, आमच्या वसतिगृहाच्या जिन्यात बसून, कारण तिथेच रेंज मिळते.

काय आहे या चित्रांत? धड माणसाचे आणि डोके भलत्याचेच. अंगात रोजचा सदरा, रोजची साडी, पायांत रोजच्या चपला, आणि मानेवर एखाद्या पाखराचे, जनावराचे, नाहीतर टीव्हीसारख्या वस्तूचे भले मोठे रंगीत डोके. आणि ही माणसे काही नाचत नाहीत, पराक्रम करीत नाहीत. घरात बसली आहेत, दुकानात आहेत, दवाखान्यात आहेत, रस्त्याने चालली आहेत. मागे खरीखुरी भिंत, खरेखुरे झाड, खरे ऊन. डोके तेवढे कागदाच्या लगद्याचे!

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने ते पाहिले आणि म्हणाली, "ई, भीती वाटते गं." मला भीती वाटली नाही. मला एकदम ओळखीचे वाटले. का, ते सांगते.

जव्हार-मोखाड्याकडे 'बोहाडा' असतो. देवादिकांची, राक्षसांची, रामायण-महाभारतातल्या पात्रांची सोंगे रात्रभर नाचवली जातात. वारली, कोकणा आणि तिकडचे इतर समाज त्यात असतात. आमच्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, याच जातीचा उत्सव आहे; आम्ही त्याला 'भोवाडा' म्हणतो. नकाशात जव्हार आमच्यापासून बरेच दूर. मध्ये सगळा नाशिक जिल्हा आडवा पडला आहे. पण कोकणा माणूस या सगळ्या डोंगरपट्ट्यात पसरलेला आहे, खाली गुजरातच्या डांगातही आहे. मी कोकणा आहे. माझे वडील पाचवीपर्यंत शिकले, आईच्या नशिबात शाळाच नव्हती. दिवाळीनंतर दोघे ऊसतोडीला गुजरातेत जातात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचे जे सांगायचे आहे ते कोणत्या जागेवर उभे राहून सांगते आहे, एवढे कळावे म्हणून.

तर भोवाडा. माझा आजा भीमाचे सोंग नाचवत असे. सोंग आमच्याकडे वाटेल त्याने उचलायचे नसते. कोणते सोंग कोणत्या घरात, हे ठरलेले. चढवण्याआधी नारळ फुटतो. मग लुगड्याच्या धडप्याने डोके बांधून वर मुखवटा आवळतात. मुखवट्याला डोळे रंगवलेले असतात, पण त्यांतून दिसत नाही. दिसते ते नाकपुड्यांच्या भोकांतून, आणि तेही फक्त पायाखालचे हातभर अंगण! म्हणून समोर एक जण टेंभा घेऊन उलटा चालत राहतो. संबळ वाजू लागला की तो आजा आमचा राहत नसे. आजी ज्याला दिवसभर खोकतो म्हणून बोलायची, त्याच्याच पायांवर ती नातवंडांना घालायची.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की आत कोण आहे. लहान पोरेसुद्धा कुजबुजतात, "हा अमक्याचा बा." तरी कोणी त्याला खोटे म्हणत नाही. लाकडाच्या किंवा कागदाच्या डोक्याआड माणूस लपला आहे, हे उघड असणे हाच त्या खेळातला करार आहे. सोंग हे उघड सोंग असते. ज्याला फसवायचे आहे तो मुखवटा घालीत नाही. तो 'नैसर्गिक' दिसण्याचा प्रयत्न करतो.

जव्हारचे सुभाष धर्मा कडू आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कलावंत. गौरी गिल त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांना, त्यांच्या घरच्यांना व गावातल्या लोकांना म्हणाल्या, की देव-राक्षसांचे मुखवटे तुम्ही करताच, आता आजच्या जगण्याचे करा. माणसाची वये, राग-लोभ, आजार, रोज दिसणारी जनावरे, घरातल्या मोलाच्या वस्तू, जे मनात येईल ते. मग गावातल्याच माणसांनी ते मुखवटे चढवले आणि आपापल्या जागी प्रसंग उभे केले. तो उभा केलेला प्रसंग त्यांनी कॅमेऱ्यात घेतला.

म्हणजे रचलेलेच फोटो. वेशभूषा करून, ठरवून, निसर्गात आणि घरादारात उभे राहून काढलेले. आणि माझे म्हणणे असे आहे, की आम्हा लोकांचे आजवर जितके फोटो निघाले त्यांत हे सर्वांत कमी खोटे आहेत.

हे विधान धाडसाचे वाटेल. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. आधी सरकारी कचेरीत कारकून, पुढे फोटोचा धंदा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची जी पहिली मंडळी जमली, 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी', तिच्या आरंभापासूनचा हा माणूस. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जातीजमातींचे फोटो काढून त्याने दोन खंड छापले, १८६३ आणि १८६६ मध्ये. प्रत्येक फोटोत माणसे आपापल्या पोशाखात, मागे देऊळ, झाडी, समुद्र, किल्ला. पाहणाऱ्या साहेबाला वाटावे, हे लोक असेच राहतात. वस्तुस्थिती अशी, की माणसांचे फोटो एकीकडे काढलेले आणि देखावे दुसरीकडचे. दोन्ही एकत्र जोडून एक चित्र केलेले! ज्या झाडाखाली माणूस उभा दिसतो त्या झाडाची सावली त्याच्यावर कधी पडलीच नव्हती. त्या काळच्या कॅमेऱ्यापुढे बराच वेळ निश्चल बसावे लागे, अडचणी होत्या, हे मला मान्य आहे. पण त्या पुस्तकावर 'हे रचलेले आहे' असे लिहिलेले नाही. ते 'माहिती' म्हणून छापले गेले. त्यापाठोपाठ वॉटसन आणि के या दोघांनी संपादलेले 'द पीपल ऑफ इंडिया' आले: १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड, चारशे अडुसष्ट फोटो. १८५७ च्या उठावानंतरचे दिवस. कोण राजनिष्ठ, कोण दंगेखोर, हे चेहऱ्याखाली लिहून ठेवलेले. माणसाचा फोटो की पोलीस ठाण्यातली नोंदवही, असा प्रश्न पडावा.

असेच सातासमुद्रापलीकडे चालले होते. एडवर्ड कर्टिस हा अमेरिकेतला नामांकित फोटोग्राफर. तिथल्या मूळच्या रहिवाशांचे, ज्यांना जग रेड इंडियन म्हणत आले, वीस खंड त्याने १९०७ ते १९३० या काळात काढले. त्यांतला १९१० चा एक फोटो प्रसिद्ध आहे. तंबूत दोन पुरुष बसले आहेत. मूळ काचेवर त्या दोघांच्या मध्ये एक गजराचे घड्याळ आहे. छापील फोटोत ते नाही. पुसून टाकले! कारण 'आदिवासी' माणसाकडे घड्याळ असले तर तो आदिवासी कसा?

हे घड्याळ वाचले तेव्हा मला फार वेळ पुढे वाचता आले नाही. आमच्या झोपडीत टीव्ही आला तेव्हा पंचक्रोशीतल्या एका पाहुण्या फोटोवाल्याने आईला म्हटले होते, "तेवढ्या टीव्हीवर गोधडी टाका." त्याला चुलीपुढे बसलेली बाई हवी होती. आईने टाकली गोधडी. तो फोटो कुठे छापला, आम्हाला कधीच कळले नाही. आणि इकडे जव्हारच्या चित्रांत टीव्ही नुसता खोलीत नाही, तो माणसाचे डोकेच झाला आहे! ज्या वस्तूला शंभर वर्षे चौकटीबाहेर ढकलले तीच चौकटीच्या मधोमध येऊन बसली. मला हे हसू येण्यासारखे वाटते आणि त्याच वेळी कोणीतरी आपली बाजू घेतल्यासारखेही वाटते.

आता घरची गोष्ट. ती टाळून हा लेख पुरा होणार नाही.

स्नेहसंमेलनात 'पारंपरिक वेशभूषा दिन' असतो. बहुतेक सर्व महाविद्यालयांत असतो, आपल्याकडेही असतो. नऊवारी, फेटे, नथी, सारे छान दिसते. गेल्या वर्षी एका गटाने 'आदिवासी' सादर केले. अंगाला काळा रंग, कमरेला कडुनिंबाचे डहाळे, गळ्यात थर्माकोलची हाडके, हातात भाले, तोंडाने 'हू हू'. उपाहारगृहामागच्या झाडाखाली त्यांचे फोटो निघाले. झाड हवेच होते. भिंतीपुढे आदिवासी शोभत नाही! बक्षीसही मिळाले. त्या गटातले तिघे माझ्याच बाकाच्या मागेपुढे बसतात आणि मला नोट्स देतात. ती मुले वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहिते. मी त्यांतल्या एकाला विचारले, "हा कोणत्या गावचा आदिवासी?" तो म्हणाला, "अगं, जनरल आदिवासी." त्याच दिवशी एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला कौतुकाने विचारले, "तू का नाही आलीस तुमच्या पारंपरिक वेषात?" मी रोजच्या सलवार-कमीजमध्ये होते. काय उत्तर देणार? माझी आई पिंपळनेरच्या बाजारातली साडी नेसते, आजी लुगडे नेसायची. हाच आमचा वेष. तो घालून आले असते तर कोणाला ओळखू आला असता का?

तेव्हा मित्रहो, प्रश्न वेशभूषेचा नाही आणि पोझचाही नाही. जॉन्सनने रचले, कर्टिसने रचले, कडुनिंबाखाली आपण रचले, आणि जव्हारलाही रचले. मग फरक कुठे पडतो? मला वाटते दोन ठिकाणी. रचलेले आहे हे पाहणाऱ्याला उघड सांगितले आहे की लपवले आहे, हे एक. आणि सोंग कोणाचे घ्यायचे हे कोणी ठरवले, हे दुसरे. 'जनरल आदिवासी' हे सोंग आम्ही घेतलेले नाही. ते आमच्यावर चढवलेले आहे, आणि चढवणाऱ्याला ते सोंग वाटतच नाही, हीच तर अडचण.

जव्हारचे नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येई ते आपल्या प्राध्यापक मंडळींना आठवत असेल. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत भुकेने, आजाराने मुले दगावली. त्यानंतर पुढारी आले, मोटारी आल्या, कॅमेरे आले. ते फोटो निघायलाच हवे होते, नाहीतर सरकार हलले नसते, हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर वर्षानुवर्षे जव्हारचा माणूस म्हणजे बरगड्या मोजता येणारे पोर आणि शून्यात पाहणारी आई, असेच ठरून गेले. फोटोवाल्याला चेहरा हवा असतो, आणि चेहऱ्यावर दुःख. मुखवट्याने नेमके हेच नाकारले. दवाखान्यात बसलेल्या माणसाचे तोंड जनावराचे असले, की तुम्हाला त्याच्यावर चटकन दया करता येत नाही. 'बिचारा' म्हणून पान उलटता येत नाही. आधी विचारावे लागते, हा कोण? याला काय झाले? याने हे डोके का निवडले असेल? आजार लपवलेला नाही, दवाखाना लपवलेला नाही, गरिबीही लपवलेली नाही. फक्त चेहरा फुकट दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट मी बाई म्हणून पाहिली. भोवाड्यात सोंग पुरुषांचे. देवीचे सोंगसुद्धा पुरुषच घेतो, ओठांवर मिशी असली तरी! आम्ही मुलींनी कडेला बसून पाहायचे. गिलबाईंच्या चित्रांत गावातल्या बायकाही आहेत, पोरेही आहेत, म्हातारीकोतारीही आहेत. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचे सोंग पाहिले त्यांच्या मानेवर मुखवटा आला. हे आमच्या गावात कोणी मान्य करील का, मला शंका आहे. माझा आजा असता तर त्याने नक्की नकार दिला असता, आणि त्याच्या नकाराला कारणही होते. ते सोंग नवसाचे असते, करमणुकीचे नसते. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या राजवाडी होळीचेच घ्या. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे-घुंगरू बांधलेले, अंगभर ठिपके काढलेले जे पुरुष तिथे नाचतात त्यांच्या अंगावर पोशाख नसतो, व्रत असते. हल्ली त्यांच्यापेक्षा कॅमेरेवाले जास्त दिसतात. 'जरा इकडे बघा, जरा पिसारा हलवा' असे नवसकऱ्याला सांगणारे महाभाग आहेत! जव्हारला असे झाले नाही याचे कारण असे, की तिथे देवाची सोंगे देवाजवळच राहिली. फोटोसाठी वेगळी, नवी सोंगे घडवली गेली. मला हा विवेक फार मोलाचा वाटतो.

आता आक्षेपांकडे वळू. आमच्या इतिहासाच्या सरांशी मी या विषयावर बोलले तेव्हा त्यांनी एकच वाक्य टाकले: "शेवटी दिल्लीची बाई, न्यूयॉर्कची भिंत आणि जव्हारचे मजूर." सरांचे वाक्य मी दोन दिवस डोक्यात वागवले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. प्रदर्शन गौरी गिल यांच्या नावाने भरते. कडू बंधूंची नावे त्या स्वतः आवर्जून सांगतात, पण भिंतीवरचे मोठे नाव एकच असते. विशेष म्हणजे याच गिलबाईंनी डहाणूकडच्या गंजाड गावचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर दुसरी एक मालिका केली आहे, 'फील्ड्स ऑफ साइट'. गिलबाईंनी काढलेल्या भूदृश्याच्या फोटोवर वांगड आपल्या रेषांनी त्या जागेच्या गोष्टी काढतात. त्या मालिकेवर दोघांची नावे बरोबरीने असतात. मग तिथे दोन आणि इथे एक का? छायाचित्र बटण दाबणाऱ्याचे, हा नियम कोणी केला? ज्या चित्रातून मुखवटा काढून घेतला तर खाली फक्त एक भिंत आणि एक सदरा उरतो, त्या चित्रात मुखवटा करणारा भागीदार नव्हे काय?

येवढी तक्रार केल्यावरही मी सरांच्या वाक्यातल्या 'मजूर' या शब्दाला हरकत घेते. मजुराला काय करायचे ते सांगितलेले असते. माझे वडील उसाच्या फडात मजूर आहेत, कोयत्याचा घाव कुठे घालायचा ते मुकादम ठरवतो. कोणत्या डोक्याचा माणूस दुकानात बसवायचा, हे ठरवणारा मजूर नसतो. आणि दिल्लीचे म्हणाल, तर बाहेरच्या माणसाने येऊच नये अशा मताची मी नाही. आल्यावर त्याने काय विचारले, हे मी पाहीन. "टीव्हीवर गोधडी टाका" म्हणणारा आमच्याच पंचक्रोशीतला होता.

कोणी म्हणेल, मग बाहेरच्याने दुसऱ्याचे सोंग घेऊच नये का? तसेही नाही. बंगळूरच्या पुष्पमाला एन. या कलावतीने क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंच्या जोडीने २००० ते २००४ मध्ये एक मालिका केली. 'दक्षिण भारतातल्या एतद्देशीय स्त्रिया' अशा थाटाचे तिचे नाव, जुन्या साहेबी पुस्तकांची नक्कल करणारे. तीत पुष्पमाला स्वतःच एकेक सोंग घेऊन उभ्या राहतात. कधी रविवर्म्याच्या चित्रातली चांदण्यातली स्त्री होतात, कधी साहेबांनी मोजमापासाठी चौकटींच्या पडद्यापुढे उभी केलेली आदिवासी बाई होतात. पण त्या सोंगात टिंगल बाईची नाही. टिंगल मोजपट्टी धरणाऱ्या हाताची आहे. पाहणाऱ्याला त्या पडद्याची लाज वाटते, बाईची नाही. कडुनिंबाच्या डहाळ्यांत आणि यात हे अंतर आहे, आणि ते कळायला कलेची पदवी लागत नाही.

गॅदरिंगची समिती यंदा बसेल तेव्हा कोणीतरी म्हणेल, की एका मुलीच्या लेखामुळे वेशभूषा दिन बंद करा. कृपा करून बंद करू नका. मला सोंगे आवडतात. मी सोंगांच्या गावची आहे. मी एवढेच सुचवते की एक वर्ष, नुसते एक वर्ष, दुसऱ्याच्या आज्याचा वेष न घालता आपापले डोके करून पाहू. साक्रीकडे, सटाण्याकडे, जव्हारकडे सोंगे घडवणारी माणसे आज हयात आहेत. त्यांतल्या एखाद्याला 'लोककलावंत' म्हणून पाच मिनिटे सत्कारासाठी उभे न करता आठ दिवस मानधन देऊन बोलवावे आणि आपण सर्वांनी त्याच्या हाताखाली लगदा कुटावा. मग बघू कोण काय करतो! माझा मुखवटा ठरलेला आहे. मी जात पडताळणीच्या प्रमाणपत्राचे डोके करणार, शिक्का कपाळावर. माझी खोलीतली सोबतीण यावल तालुक्यातली तडवी. ती म्हणते, मी एस. टी.चा पास होणार, कारण त्याची मुदत कायम संपलेली असते. चोपड्याचा एक पावरा मुलगा शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पडदा करतो म्हणाला, तो गोल गोल फिरणारा आणि कधीच न उघडणारा. ज्याच्या बापाची केळी वादळात आडवी झाली त्याने मोडलेले झाड व्हावे. सोन्याच्या पेढीवाल्या घरच्या मुलांनी काय व्हावे हे मी सांगणार नाही. त्यांनीच ठरवायचे आहे. आणि प्राध्यापकांनीही यावे. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे एक सर म्हणाले, मी घड्याळ होईन.

फोटो त्याच उपाहारगृहामागे काढू. झाड तिथे आहेच, भिंतही आहे, दोन्ही चौकटीत येऊ द्या. फोटोखाली मुखवटा करणाऱ्याचे, घालणाऱ्याचे आणि बटण दाबणाऱ्याचे, अशी तीन नावे छापा. पुढच्या वार्षिकांकात त्यासाठी पाने मागायला मी स्वतः संपादक मंडळाकडे येईन. रंगाचा खर्च फार नाही. लगद्याला कागद लागेल, तो आठवडाभर भिजवावा लागेल. जुन्या चाचणी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कोठीघरात छतापर्यंत लागले आहेत, ते मी मोजून आले.